केनवडचा चारमिनार

हिंगोली मागे पडली की उकंडराव बोलायला लागत, त्याआधी नाही. वाशीमला गाडीत चढताना गडबड असते. बोचकी आत फेकायची असतात, खिडकीवरून भांडायचं असतं आणि कुणाची तरी चप्पल फलाटावर राहिलेली असते. हिंगोलीपर्यंत शिदोऱ्या सुटतात, ठेचा या बाकावरून त्या बाकावर फिरतो. सगळ्यांचे हात धुऊन झाले की उकंडराव मधल्या बाकावर मांडी घालत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "आता आयका. काचीगुड्याले उतरल्यावर मले इचारू नका."

मग हैदराबाद सुरू व्हायचं.

"सकाळी गाडी काचीगुड्याले लागते. घुमट दिसतीन, त्याले मशीद समजू नका, ते स्टेशनच हाय, निजामाच्या टायमाचं. गेटातून भायेर पडलं का रिक्षावाले अंगावर येतीन. 'किधर जाना' म्हनतीन. 'घर' म्हना. घर म्हनलं का सोडून देतेत. रस्ता पार करा, अफजलगंजची बस पकडा. तिथं मुसी नदी हाय. पानी पाहू नका, नाक दाबा अन् पूल पार करा. डाव्या हाताले सालारजंग. शुक्रवारी बंद. तिथं एक घड्याळ हाय. दर तासाले आतून एक बुढा निघते, टोल वाजवते अन् परत घरात जाते. त्याले पाहाले मानसं तास तास बसतेत. घरच्या बुढ्यापाशी कोनी बसत नाही. तिथून नाकासमोर चालत राहा. पत्थरगट्टी लागते. मोत्याची दुकानं. मोती पाहा, घेऊ नका. अन् मंग चारमिनार."

इथे ते थांबत. डब्यातल्या बाया मुलांना गप्प करत, कारण आता मुख्य गोष्ट येणार हे सगळ्यांना माहीत असे.

"चारमिनारच्या खाली, बराबर मधात, एकानं उभं राहावं. दुसऱ्यानं वर जावं. खालच्यानं एक टाळी वाजवावी. वरच्याले आयकू येते. राजाची युक्ती होती ती. दुश्मन आला का पहारेकरी टाळी वाजवे."

आमच्या भागातली कितीतरी माणसं अशी चारमिनारखाली टाळी वाजवून आली आहेत. सोयाबीनवाले, हळदवाले, नव्या सुना, रिटायर झालेले मास्तर. आणि वर गेलेल्या प्रत्येकाला ती ऐकू आली. आली नाही असं सांगणारा माणूस आमच्या गावी, केनवडला, कधी परतलाच नाही. जानराव म्हणजे आमच्या गल्लीतले हौशी गृहस्थ, टोळी निघाली की पहिलं बोचकं त्यांचं. ते तर छातीठोकपणे सांगायचे, "मले दोनदा आयकू आली."

उकंडराव बाजड हे काही गाइड नव्हेत. केनवडला त्यांचं कोरडवाहू शेत आहे, पत्र्याचं घर आहे, दारात एक म्हैस आहे. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तेव्हा सुईणीने त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून घरात आणलं. नाव ठेवलं उकंडा. देवाला वाटावं, हे पोर टाकाऊच आहे, न्यायचं कशाला. देव फसला. सत्तरी ओलांडली तरी उकंडराव अजून पायी शेतात जातात आणि येताना डोक्यावर चाऱ्याचा भारा आणतात.

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की गावाला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत ते हैदराबादची टोळी काढत. ज्याला यायचं त्याने यावं, आपली भाकर आपण बांधावी, आपलं तिकीट आपण काढावं. उकंडरावांना त्यातून काही सुटत नसे. मिळायचा तो मान, आणि तो मात्र त्यांना भरपूर लागायचा. एखाद्या वर्षी कोणी परस्पर, त्यांना न विचारता हैदराबादला जाऊन आला तर ते महिनाभर त्याच्या दारावरून जाताना खोकत.

काचीगुडा स्टेशन मात्र त्यांना हाताच्या रेषेसारखं पाठ होतं. कुठल्या नळाचं पाणी गोड, कुठल्या पंख्याला वारा, कुठल्या खांबाआड ऊन येत नाही, पुलावरून उतरताना कुठे पाय घसरतो, हे सगळं ते सांगत आणि ते खरं निघे. टोळी उतरली की ते सरळ आपल्या ठरलेल्या खांबापाशी जात. तिथे सगळी बोचकी रचली जात. स्टेशनात सामान ठेवायची खोली आहे, पण तिथे कुलूपबंद सामानच घेतात. आमच्या बोचक्यांना गाठी. गाठीला कुलूप कसं लावणार? एकदा जानरावांनी लुगड्याच्या बोचक्याला सायकलचं कुलूप अडकवून पाहिलं. खिडकीतला माणूस पोट धरून हसला आणि बोचकं परत ढकललं. तेव्हापासून सामान खांबाला आणि सामानापाशी उकंडराव.

"तुमी जा, पाहून या," ते म्हणत. "माहं पाह्यलेलं हाय."

आम्हाला वाटायचं, काय हा त्याग! दिवसभर माणूस बोचक्यांना टेकून बसतो, आपण मजा मारून येतो. संध्याकाळी टोळी दमून परतली की ते एकेकाला समोर बसवत आणि विचारत, "काय काय पाह्यलं? मी सांगतलं तसंच होतं ना?" कोणी बांगड्यांचे भाव सांगे, कोणी मक्का मशिदीच्या कबुतरांचं सांगे. गोळकोंडा पाहून आलेल्या जानरावांनी किल्ला किती एकरात आहे आणि त्यात तूर किती बसेल एवढंच सांगितलं. उकंडराव मान डोलावत ऐकून घेत. पुढच्या वर्षी हिंगोली मागे पडली की यातलं निवडक त्यांच्या तोंडून, जणू स्वतः पाहिल्यासारखं, आम्हाला परत ऐकायला मिळे.

कारण खरी गोष्ट अशी होती, की उकंडरावांनी चारमिनार कधीच पाहिला नव्हता.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर. तेव्हा रुख्मिणीकाकू, म्हणजे त्यांची बायको, शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मध्ये मध्ये त्यांच्या बोलण्यात दुरुस्त्या करत होत्या.

बाहत्तरच्या दुष्काळात उकंडा पोरसवदा होता. गावात खायला नव्हतं. तो छोट्या लाइनच्या गाडीत बसला आणि गाडी जिथे संपली तिथे उतरला, ते काचीगुडा. फलाटावरच्या चहाच्या ठेल्यावर कपबशा विसळायचं काम मिळालं. ठेल्यामागेच झोपायचं, नळावर अंघोळ करायची, मालक देईल तो भात खायचा. त्या मालकाने सुटी हा शब्द ऐकलेला नव्हता. उकंडा स्टेशनाबाहेर जायचा तो फक्त समोरच्या गल्लीतून कोळसा आणायला. शहरच त्याच्याकडे चहा प्यायला यायचं. रिक्षावाले यायचे, बांगड्यांचे व्यापारी यायचे, लग्नाला आलेली पाहुणेमंडळी यायची. कोणी चारमिनारचं सांगे, कोणी गोळकोंड्याचं, कोणी घड्याळातल्या म्हाताऱ्याचं. ऐकता ऐकता एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कपात सांडली. खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर बालेकिल्ल्यावर ऐकू येते, ती गोळकोंड्याला. उकंडाच्या डोक्यात ती टाळी चारमिनारखाली जाऊन बसली.

पाऊसपाणी बरं झाल्यावर तो गावी परतला. पारावर सगळ्यांनी एकच विचारलं, "चारमिनार पाह्यला काय रे?" इतके दिवस हैदराबादेत राहून आलेला पोरगा नाही कसा म्हणेल? त्याच्या जागी कोणीही हो म्हणालं असतं. उकंडा हो म्हणाला. पण हो म्हटलं की पुढे 'कसा हाय?' येतं, आणि तिथून माणूस अडकत जातो.

मग लग्न झालं. काकूंचं माहेर शिरपूर जैनचं. जैन मंदिरामुळे तिथे लांबलांबचे यात्रेकरू येतात, त्यामुळे परगावच्या गोष्टी ऐकायची त्यांना लहानपणापासून आवड. नव्या नवरीने नवऱ्याला पहिली गोष्ट विचारली ती हैदराबादची. त्याने टाळीचं सांगितलं. त्या ताठ बसल्या.

"खालची टाळी वर कशी आयकू येईन?"

"येते."

"तुमी आयकली?"

"मंग!" उकंडा म्हणाला.

त्या 'मंग'वर काकूंनी उभा संसार केला असं म्हटलं तरी चालेल. त्यांचा नवऱ्याच्या शब्दावर भरवसा होता. तो कमी बोलतो, पण बोलतो ते पाहिलेलं बोलतो, असं त्या चारचौघींत अभिमानाने सांगत. कुणी टाळीबद्दल शंका काढली तर, "आमच्या ह्याईनं सोता आयकलेली हाय," एवढं म्हणून विषय संपवत. आणि त्यांच्या मनात एकच इच्छा होती, की एकदा आपणही ती ऐकावी. पण म्हशीला परक्याचा हात चालत नाही, पान्हा चोरते. दरवर्षी टोळी निघायची आणि काकू मागे राहायच्या. उकंडराव परत आले की तिसऱ्या दिवसापर्यंत घरात ताट आदळल्याचा आवाज यायचा. "तुमी सारं जग पाह्यलं अन् मी शेण काढत राह्यलो," हे वाक्य आमच्या भिंतीपलीकडून मी लहानपणापासून ऐकलं आहे. तरी राग ओसरला की काकू परतलेल्या बायांकडे जाऊन हळूच विचारत, "टाळी आली का व आयकू?" बाया म्हणत, आली. काकूंना तेवढंच समाधान.

उकंडराव पुढे इतक्या वेळा काचीगुड्याला गेले, मग एखाद्या दिवशी उठून चारमिनार पाहून का आले नाहीत? मी त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "सामान होतं ना." शेंगा फोडता फोडता काकू म्हणाल्या, "सामान कायचं! भेव वाटे त्याईले. आपन सांगतलं तसं नसलं मंग?" उकंडरावांनी नाही म्हटलं नाही.

गेल्या दिवाळीत निकिता आली. ही जानरावांची नात, वाशीमला कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजची सहल नुकतीच हैदराबादला जाऊन आली होती. जानरावांच्या ओसरीवर सगळे जमले होते, काकू सुपात डाळ निवडत होत्या, उकंडराव पान लावत होते. पोरगी सरळ मनाची. ती उकंडरावांना म्हणाली, "आबा, टाळी चारमिनारले नाही वाजवत. गोळकोंड्याले वाजवतेत. तिथल्या गाइडनं आमाले दाखवली. चारमिनारखाली आमी वाजवून पाह्यली, काहीच आयकू आलं नाही."

जानराव, ज्यांना दोनदा ऐकू आली होती, ते आपल्या चपलेचा अंगठा तपासू लागले.

"मोबाइल कानाले लावून लावून कान गेले पोराईचे," उकंडराव म्हणाले. सगळे मोकळे होऊन हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगी काहून खोटं बोलीन?"

"मले काय माहीत?"

"तुमी आयकली होती ना?"

"मंग!"

"मंग यंदा मी येतो. माह्या कानानं आयकतो."

म्हैस त्या वर्षी भाकड होती. दूध काढायचा प्रश्न नव्हता, चारापाणी काय, शेजारीही करतात. उकंडरावांना एकही सबब सापडली नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही असं ते सांगतात. काकू म्हणतात, घोरत होते.

भीती त्यांना गावाची नव्हती. गावाने खोटारडं म्हटलं असतं तर जे जे टाळी ऐकून आले होते ते सगळेच खोटारडे ठरले असते, त्यामुळे गाव गप्पच बसणार होतं. भीती होती ती या बाईची. हिने त्यांचा प्रत्येक शब्द खरा मानला होता. भावाच्या वाटणीत कोण चुकलं, पोरीच्या लग्नात कोण काय बोललं, सगळ्यात हिने नवऱ्याची बाजू घेतली होती, कारण तो पाहिलेलं बोलतो. टाळी खोटी निघाली तर ती विचारणार होती, की मग बाकीचं काय काय खोटं? आणि बाकीचं सगळं खरं असूनही त्याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

टोळी निघाली. यंदाही मी होतो. हिंगोली मागे पडली, शिदोऱ्या आवरल्या, हात धुऊन झाले. उकंडराव खिडकीबाहेर पाहत बसले. वसमत गेलं तरी टोपी डोक्यावरच. शेवटी जानराव म्हणाले, "उकंडभाऊ, सुरू करा ना. नवी मानसं हायेत यंदा."

त्यांनी सुरू केलं, पण त्यात जीव नव्हता. घुमट झाले, नदी झाली, घड्याळातला बुढा घाईघाईत येऊन गेला. पत्थरगट्टीला पोहोचून ते थांबले आणि म्हणाले, "पुढं चारमिनार हाय. दिसतेच."

"अन् टाळी?" कोपऱ्यातून काकूंनी विचारलं.

"वाजवा," उकंडराव म्हणाले आणि टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले.

काचीगुड्याला उतरलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. काकूंनी घुमट पाहिले, समाधानाने मान हलवली. बोचकी खांबापाशी रचली. उकंडरावांनी त्यांना पाठ टेकली, पाय पसरले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "जा, पाहून या. माहं पाह्यलेलं हाय."

"माहं नाही," काकू म्हणाल्या. "अन् मी पाहीन तं तुमच्यासंगं. या लोकाईसंगं नाही."

"सामान कोन पाहीन?"

"मी पाह्यतो," लिलाबाई म्हणाल्या. लिलाबाई आमच्या बाजारात भाजी विकतात. गुडघे गेलेत, पण आवाज शाबूत आहे. "माह्या गुडघ्यानं का चारमिनार पाहून होते? मले इथं गाड्या पाहूनच बरं वाटून राह्यलं."

"चोर लय हायेत इथं, लिलाबाई."

"येऊ द्या," लिलाबाईंनी बोचक्यांवर बैठक मारत सांगितलं. त्यांच्याकडून काही चोरायचं म्हणजे आधी त्यांच्याशी बोलावं लागेल, आणि बोलण्यात त्यांच्यापुढे आजवर कोणी टिकलेलं नाही. उकंडरावांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही कोणीच मदतीला गेलो नाही, कारण आम्हाला त्यात मदत करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. म्हातारा-म्हातारी जोडीने फिरायला निघालेत, चांगलंच आहे, असं वाटलं. आम्ही पुढे निघून गेलो. यानंतरचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि आश्चर्य म्हणजे ते जुळलं.

गेटाबाहेर आल्यावर उकंडराव पायरीवरच थांबले. कोळशाची गल्ली कुठे दिसेना. त्या जागी मोबाइलची दुकानं होती, वर मोठाले बोर्ड होते, आणि रस्ता एक नव्हता, तीन दिशांना फुटला होता. आयुष्यभर लोकांना 'रस्ता पार करा' सांगणाऱ्या माणसाला कळेना, की कोणता. तेवढ्यात एक रिक्षावाला अंगावर आला.

"किधर जाना, चाचा?"

"घर," उकंडरावांच्या तोंडून निघालं.

"घर कायले?" काकू म्हणाल्या. "चारमिनार म्हना ना."

रिक्षात बसल्यावर काकू एकेक गोष्ट पडताळत गेल्या. नदी आली तशी त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "हे बराबर सांगतलं होतं तुमी." पूल ओलांडला, डाव्या हाताला सालारजंगची पाटी होती. रिक्षावाल्याला विचारून त्यांनी खात्री केली. "हेबी बराबर." मोत्यांची दुकानं आली. "बराबर." काकूंचा चेहरा उजळत चालला होता. निकिताचंच काही चुकलं असावं, असं त्यांना आता वाटू लागलं होतं. आणि त्यांच्या प्रत्येक 'बराबर'ला उकंडराव रिक्षाच्या कोपऱ्यात आणखी आक्रसत होते.

पुढे रिक्षा जाऊ देत नव्हते. दोघं उतरून गर्दीतून चालू लागले. हातगाड्या, अत्तरवाले, बांगड्यांचे ढीग. काकूंनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली होती. कमान ओलांडली आणि समोर चारमिनार आला.

उकंडराव जागच्या जागी उभे राहिले.

त्यांच्या मनात इतकी वर्षं चार वेगवेगळे मिनार होते, मांडवाच्या चार खांबांसारखे सुटे उभे. हे तर एकच होतं. एवढाल्या कमानी, वर सज्जे, त्यावर नक्षी, आणि सगळं आभाळात चढत गेलेलं. एवढं मोठं असेल हे चहा पिताना कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांना ते ऐकता आलं नव्हतं. ते मान वर करून, तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मागून धक्के बसत होते, कोणी 'चाचा, बाजू' म्हणत होतं, त्यांना भान नव्हतं. असला आनंद त्यांना फार दिवसांनी झाला होता आणि तो त्यांना झाकता आला नाही.

"मी चारमिनार मागून पाह्यला," काकूंनी मला सांगितलं. "आधी ह्याईचं तोंड पाह्यलं."

माणूस पाहिलेली गोष्ट परत पाहतो तेव्हा असा पाहत नाही. काकूंना ते तिथेच, त्या गर्दीत कळलं. त्यांनी बाही सोडली. त्यांना राग आला होता का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "राग नाही. मंग बाही धरवली नाही."

दोघं कमानीखाली गेले. बरोबर मध्यावर काकू थांबल्या.

"तुमी वर जा," त्या म्हणाल्या. "मी खाली वाजवतो."

"तूच जा ना वर. तुले आयकायची होती."

"मले जिना चढून दम लागते. अन् तुमी आयकलेली हाय. तुमाले आवाज वळखू येईन."

उकंडराव तिकीट काढून रांगेत लागले. जिना अरुंद, गोल गोल, अंधारा. पुढे कॉलेजची पोरं, मागे एक कुटुंब, मध्ये आमचे उकंडराव भिंतीला हात लावत चढत होते. वर उजेडात आले. चारही बाजूंना रस्ते पसरले होते, मशिदीवर कबुतरं उठत होती, खाली माणसांची डोकीच डोकी होती. काकू कमानीच्या आत, त्या वरून दिसणं शक्य नव्हतं. ते एका कोपऱ्यात उभे राहिले, डोळे मिटले आणि कानामागे हात धरला.

हॉर्न ऐकू आले. बांगड्यावाल्याची आरोळी ऐकू आली, पोलिसाची शिट्टी ऐकू आली, कोणाचं तरी रडणारं पोर ऐकू आलं. त्यांनी श्वास धरला. सगळं माहीत असूनही त्या घडीला त्यांना मनापासून वाटत होतं, की यावी. एकदाच यावी, म्हणजे आपण बोललो ते कसंही का होईना, खरं होईल. लोक ढकलायला लागेपर्यंत ते उभे राहिले. टाळी आली नाही.

उतरताना त्यांच्यापुढे एकच शब्द होता. 'आली' म्हणायचं. सगळं केनवड तेच म्हणून परतलं होतं आणि कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. काकू खूश होतील, निकिता खोटी ठरेल, घरी गेल्यावर ताट आदळणार नाही. जिना संपेपर्यंत त्यांनी तो शब्द तोंडात तयार ठेवला होता.

काकू तिथेच उभ्या होत्या, हात पदराखाली धरून.

"आली आयकू?"

उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "नाही आली. अन् मी आधी कधी आयकलीबी नवती, रुख्मिणी. मी इथं कधी आलोच नाही. आजच पाह्यलं."



"वाजवली असती तं येती ना," काकू म्हणाल्या. "मी हात पदराच्या भायेर काढलेच नाही. तुमी खाली येऊन काय सांगता, तेवढंच आयकाचं होतं मले."